कपाटामागचा वारा

थंडोबा हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते गावाने ठेवले होते, आणि गावाने ठेवलेली नावे पाळण्यातल्या नावांपेक्षा जास्त टिकतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे कूलर दुरुस्तीचे दुकान होते. चाळीस वर्षे ते लोकांच्या घरी गारवा पोचवत आले होते, आणि या चाळीस वर्षांत त्यांचा स्वतःचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. बायकोने तो चढवून पाहण्याचे बरेच प्रयत्न केले. शेवटी तिनेही नाद सोडला.

गावची हवा कोरडी. इतकी, की उन्हाळ्यात दोरीवर रुमाल टाकून चिमटा आणायला आत गेलेली बाई परत येईपर्यंत रुमाल वाळून, उडून शेजारी गेलेला असे. अशा हवेत कूलरसारखा उपकारकर्ता नाही. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा मुठीएवढा पंप आणि पुढे पंखा. कोरडा वारा ओल्या गवतातून ओढला की गार होऊन बाहेर येतो. यात काहीही जादू नाही, असे थंडोबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि जादूगारासारखे बटण दाबत.

दुकानाची एक पद्धत होती. दुरुस्त झालेला कूलर तपासणी झाल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि तपासणारी होती त्यांची लेक. वय वर्षे चार असल्यापासून. कूलर सुरू करायचा, समोर स्टूल ठेवायचे, स्टुलावर लेक. ती डोळे मिटून घ्यायची. कपाळावरच्या बटा मागे उडायच्या. थंडोबा आणि गिऱ्हाईक श्वास रोखून उभे. मग एकच डोळा किलकिला व्हायचा आणि निकाल लागायचा. "पास." नाहीतर, "नापास. डावीकडून गरम येतंय." डावीकडची जाळी उघडून बघावी, तर गवताचा एक कोपरा खरोखर कोरडा. थंडोबा तिला इन्स्पेक्टरसाहेब म्हणत. एकदा एका बड्या साहेबांचा कूलर होता, गाडी दाराशी ताटकळत उभी होती. थंडोबांनी लेकीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. तिचे डोळे मिटलेले असल्यामुळे अर्थ वाया गेला. "नापास," ती म्हणाली. कूलर दोन दिवस दुकानात राहिला आणि साहेब दोन दिवस घामात.

सात वर्षांपूर्वी लेक लग्न करून समुद्राकाठच्या एका देशात गेली. तिथली हवा श्वासात घ्यायची की पेल्यात ओतून प्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यानंतर ती दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा ऐन थंडीत, कूलर गोधड्या पांघरून बसलेले असताना. तेव्हा तपासणीचा प्रश्नच नव्हता. शेवटची येऊन गेली त्यालाही तीन वर्षे झाली. मधल्या काळात थंडोबांनी स्टुलावर बायकोला बसवून पाहिले.

"कसं वाटतंय?"

"बरंय."

"बरंय म्हणजे पास का?"

"बरंय म्हणजे बरंय. मला भाजी चिरायचीय."

ती कुठलाही कूलर बरंय म्हणायची. बंद कूलरलाही एकदा बरंय म्हणाली होती. कूलर गावात जात राहिले, चालत राहिले, पण थंडोबांना प्रत्येक कूलर परीक्षा न देताच वरच्या वर्गात ढकलल्यासारखा वाटे.

अशात लेकीचा फोन आला. ती तिकडे एका कपड्यांच्या दुकानासाठी घरी शिलाई करत असे; बाह्या कमी करणे, घेर आवळणे, गिऱ्हाईक फुगले असेल तर शिवण उसवून देणे. बोलता बोलता म्हणाली, "इथे कापडाला हात लावायचा म्हणजे आधी हात पुसायचा, बाबा. रेशमावर घामाचा एक थेंब पडला की डाग कायमचा. मनगटाला टॉवेल बांधून शिवते मी. काय करायचं हो?"

हे 'काय करायचं हो' तिने सात वर्षांत पहिल्यांदा विचारले होते. थंडोबांनी फोन ठेवला, दुकानात गेले आणि फळीवरून नवा पंप उतरवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण थंडोबा ती स्वतः सांगणार नाहीत. दरवर्षी पावसाळा लागला की गिऱ्हाइके तक्रार घेऊन येत, कूलर गार करत नाही, उलट चिकचिक होते. आणि दरवर्षी थंडोबा शांतपणे सांगत, "हवाच ओली आहे, काका. ओल्या हवेला आणखी पाणी पाजून काय होणार? कूलर बंद करा, खिडक्या उघडा, नुसता पंखा लावा." हे त्यांनी चाळीस पावसाळे सांगितले होते. म्हणजे ज्ञान होते. पण ज्ञान आणि लेक एकदम समोर आले, की बाप ज्ञानाला जरा बाहेर बसायला सांगतो.

बायको निघाली नाही. "विमानाची खिडकी उघडत नाही म्हणतात," ती म्हणाली, "मला नाही जमायचं. तुम्ही जा. आणि अहो, सुती सदरा घाला, कोट नको. घामाने आंबून जाल."

"विमानात गार असतं."

"विमान उतरतं ना शेवटी?"

थंडोबांनी कोट घातला. पेटीत कपड्यांखाली पंप, नळी, पाना, पक्कड, आणि दोन जाळ्यांचे गवत नीट दाबून भरले. विमानात खरोखर गार होते, आणि सहा तास ते बायकोचे चुकल्याच्या आनंदात बसून राहिले.

उतरल्यावर तपासनिसाने पेटी उघडली. कपडे बाजूला केले, गवत पाहिले, थंडोबांकडे पाहिले, पुन्हा गवत पाहिले. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती. तपासनिसाने डोक्याला दोन बोटे शिंगांसारखी लावून भुवया उंचावल्या. गाय? थंडोबांनी मान हलवली आणि तोंडाने फू फू करून वारा दाखवला. तपासनिसाने ते दुसऱ्याला बोलावून पुन्हा करून दाखवायला लावले. तिसरा आला तेव्हा थंडोबांनी न सांगता केले. तिघांनी आपसात चर्चा केली, गवत ठेवून घेतले आणि पंप परत दिला.

बाहेर लेक उभी असणार होती. तीन वर्षे या क्षणाची वाट पाहिलेली. काचेचे दार आपोआप बाजूला झाले, थंडोबांनी पाऊल बाहेर टाकले, आणि गार चष्म्यावर त्या देशाची सगळी हवा एकदम येऊन बसली. समोर पांढरे धुके. धुक्यात एक उंच आकृती. थंडोबा हात पसरून पुढे झाले. "किती बारीक झालीस गं!"

तो कोणाला तरी न्यायला आलेला टॅक्सीवाला होता. बारीक मात्र होता.

"बाबा, मी इकडे!" मागून लेक हसत हसत आली. तिने त्यांचा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. थंडोबांनी तिला पाहिले. मग चष्मा पुन्हा धूसर झाला. या वेळी आतल्या बाजूने.

"कोट का घातलात?"

"आईला सांगू नकोस."

घरी जाताना तिने त्यांना त्या देशात गार कसे राहायचे याचा पाठ दिला. सावलीच्या फुटपाथने चालायचे, आणि चालायचे म्हणजे रमतगमत, घाई केली की संपलात. बारा ते चार बाहेर पडायचे नाही. सदरा विजारीत खोचायचा नाही. आंघोळ दोनदा, आणि अंग खसखसून न पुसता टिपून घ्यायचे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, दिवसातून एकदा चिमूटभर मीठ घालून. गळ्याशी सुका रुमाल, आणि खिशात त्याचा वारस. थंडोबा ऐकत होते. गारव्याबद्दल कोणी त्यांना शिकवण्याची ही पहिलीच वेळ होती. हे सगळे ती एकटीने शिकली होती, त्यांना न विचारता. सगळे बरोबर होते, आणि त्याचेच वाईट वाटत होते.

घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या. आतल्या खोलीत एसी, आणि एसीखाली जावई. ते इस्पितळात रात्रपाळीला एक्स-रे काढत आणि दिवसा झोपत. इमारत जुनी होती. दुसरा एसी लावला, की सगळ्या मजल्याचे दिवे जात आणि सगळा मजला दाराशी येई. म्हणून बाहेरच्या खोलीत लेक, शिलाईचे मशीन आणि उकाडा असे तिघे राहत. एका भिंतीला जवळजवळ छतापर्यंत पोचलेले लाकडी कपाट, समोर जिन्याकडे उघडणारे दार, बाजूच्या भिंतीत नावापुरता झरोका. खोलीतली हवा वर्षानुवर्षे भाडेकरू असल्यासारखी जागची हलत नव्हती.

"बाबा, तुम्ही माझ्या खोलीत बसा ना," जावई डोळे चोळत म्हणाले. "गार आहे."

"तुम्ही झोपा, जावईबापू. मी कामाला आलोय."

दोन दिवसांत काम उभे राहिले. कपडे भिजवायचा मोठा टब, त्यावर बाजारातून आणलेला टेबलफॅन, मागे लाकडी पट्ट्यांची चौकट. गवत नव्हते म्हणून चौकटीत लेकीच्या कातरकामातल्या चिंध्या भरल्या. नळी वरून फिरवली, पंप पाण्यात सोडला. मग थंडोबांनी मशीनपुढचे स्टूल उचलून कूलरसमोर ठेवले.

"या, इन्स्पेक्टरसाहेब."

लेक हसली. स्टुलावर बसली. तिने डोळे मिटले. थंडोबांनी बटण दाबले. चिंध्यांमधून ओला, जड, कोमट वारा आला आणि तिच्या कपाळावरच्या बटा हलल्या नाहीत, कपाळालाच चिकटल्या. तिच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब उगवला, दुसरा उगवला, दोघे मिळून खाली उतरले. थंडोबा पाहत होते.

तिने दोन्ही डोळे एकदम उघडले.

"पास," ती म्हणाली, आणि पाहुण्याला आणखी चहा देऊ का विचारावे, तसे गोड हसली.

थंडोबा "वा" म्हणाले, न्हाणीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. एक डोळा किलकिला झाला नव्हता. साहेबाच्या गाडीला न घाबरलेली पोर आज बापाला घाबरली होती. नव्हे, जपत होती. ते त्याहून वाईट.

पास झालेला कूलर पुढचे तीन दिवस चालला. बिस्किटांनी माना टाकल्या. भिंतीवरचे कॅलेंडर खालून वळत वळत चालू महिन्यापर्यंत आले. कापडावर खूण करायच्या खडूने खुणा करणे सोडून दिले. दार फुगले आणि लागेनासे झाले. थंडोबा सकाळी सावलीच्या फुटपाथने रमतगमत फिरून येत, आणि जिन्यात त्यांची पावले वाजली, की घरात पंपाची गुरगुर सुरू होई. सकाळी टबाला पेन्सिलीने केलेल्या रेघेच्या खाली दुपारपर्यंत पाणी बोटभरही उतरलेले नसे. चाळीस वर्षे कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला यातून जे कळायचे ते कळते: आपली पाठ फिरली, की कूलर बंद.

उरलेले जावयांनी सांगितले. चहा पिताना ते सहज म्हणाले, "बाबा, एक गंमत. पहाटे ड्युटीवरून येतो, दार उघडतो, तर खोलीत अकरा बायका उभ्या!"

"म्हणजे?"

"झगे हो. हिने सगळं काम माझ्या खोलीत आणून टांगलंय. बाहेर ठेवलं तर बुरशी धरते म्हणे, कूलर आल्यापासून." एवढे बोलून जावयांना आपण काय बोललो ते कळले, आणि ते अकरा बायकांत झोपायला निघून गेले.

त्या दुपारी लेक, आपलाच बारा ते चारचा नियम मोडून, तयार कपडे घेऊन दुकानात गेली. थंडोबांनी पंप बंद केला. टब रिकामा केला, चौकट खोलली, चिंध्या पिळून पोत्यात भरल्या. मग बाहेर बसवलेल्या ज्ञानाला आत बोलावले. ओल्या हवेला काय द्यायचे? पाणी नाही. वाट द्यायची.

त्यांनी शिलाईच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा तोडला, टोक चिमटीत धरले आणि खोलीभर फिरू लागले. कूलरच्या डब्यात वारा कुठून चोरून शिरतो ते शोधायची ही त्यांची पद्धत. दोरा मशीनपाशी सरळ लोंबला. झरोक्यापाशी सरळ लोंबला. दाराशी किंचित शहारला. मग ते कपाटाच्या कडेला आले, आणि दोरा हळूच भिंतीकडून दूर झाला, जसा कोणी पलीकडून फुंकर घालावी.

थंडोबांनी कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोळा लावला. आत उजेडाची एक रेघ होती.

कपाट जड होते. त्यांनी साबणाची वडी कापून चार तुकडे केले, पक्कड तरफेसारखी घालून एकेक पाय उचलला, खाली साबण सरकवला, फरशीवर थोडे पाणी टाकले आणि खांदा लावला. कपाट कुरकुरले, मग निमूटपणे सरकले. मागे चांगली हातभर रुंद, छातीइतकी उंच खिडकी. कडी गंजलेली. दोनदा ठोकल्यावर उघडली.

आणि वारा आला. गार म्हणता येणार नाही. पण चालता-फिरता होता. कॅलेंडरने पान उलटले. थंडोबांच्या सदऱ्याची पाठ सहा दिवसांत पहिल्यांदा पाठीपासून सुटली. पुढे घरांची छपरे, त्यापलीकडे मोकळे रान आणि रानाच्या टोकाला लांबच लांब राखाडी पट्टा. त्यांनी टेबलफॅन उचलून समोरच्या दारात ठेवला, तोंड जिन्याकडे करून; आतली हवा बाहेर गेली, की खिडकी नवी ओढून घेते. वारा ढकलायचा नसतो, बोलवायचा असतो.

जिन्यात पावले वाजली. लेक दारात आली, पंख्याला वळसा घालून आत आली आणि थांबली. हातातली रिकामी पिशवी तशीच.

"कपाट कोणी हलवलं?"

"साबणाने," थंडोबा खुशीत म्हणाले. "बघ, वारा बघ. एवढी खिडकी, आणि तुम्ही लोक—"

"परत लावा."

"अगं, बस तरी स्टुलावर."

"बाबा, कपाट परत लावा. आत्ता लावा."

"का?" थंडोबांचा आवाज चढला. गावाने हा आवाज ऐकायला भाड्याने खुर्च्या मांडल्या असत्या. "सात वर्षं उकाड्यात बसलीस! मनगटाला टॉवेल बांधून! आणि एवढा वारा भिंतीत कोंडून ठेवलास! का?"

तिने खिडकीकडे पाहिले. लांबवर गुरगुर सुरू झाली, पंपासारखी, पण वाढत जाणारी. राखाडी पट्ट्याच्या टोकाशी एक विमान जमिनीवरून सुटले, छपरांवरून तिरके वर चढले, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून शिरून उजव्या कोपऱ्यातून निघून गेले. लेक ते जाईपर्यंत बघत होती. मानसुद्धा नेमकी तेवढीच वळली, सवयीची.

"पावणेचारचं," ती म्हणाली. "मधे एकदा थांबतं. तिथे बदललं, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे."

थंडोबा खाली बसले. ती मशीनच्या कडेला टेकली.

"पहिल्या वर्षी मशीन इथेच होतं, खिडकीशी. कामच होईना हो. विमान निघालं की बघायचं, उतरलं की बघायचं. नवाचं, अकरा वीसचं, पावणेचारचं. एका कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. दुकानदार कोट हातात धरून नुसता बघत बसला. मग मी ह्यांना म्हटलं, कपाट तिकडे सरकवू या, खिडकीतून ऊन येतं."

"खिडकी उत्तरेला आहे," थंडोबा म्हणाले.

"हो."

"जावई काय म्हणाले?"

"म्हणाले, हो गं, फार ऊन येतं. आणि लावला खांदा."

आतल्या खोलीत जावयांनी कूस बदलल्याचा आवाज झाला. दिशा न कळणारा माणूस रोज एक्स-रेत डावे-उजवे फुप्फुस कसे ओळखत असेल, असा विचार थंडोबांच्या मनात येऊन गेला. आणि मग त्यांना कळले, की या घरात सगळ्यांनाच सगळे माहीत असते.

लेकीने हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालून ती मशीनवर ठेवली.

"तो कूलर नापास होता," लेक म्हणाली.

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"इन्स्पेक्टरने पास दिल्यावर मेकॅनिक काय बोलणार?"

"पावसाळ्यात कूलर लावू नका, हे तुमच्याच तोंडून ऐकत मोठी झाले मी. पंप बघितला तेव्हाच कळलं होतं मला. पण तुम्ही पेटीत सदरे दोन आणलेत आणि पंप आणलात. कसं म्हणू नापास?"

"साहेबाच्या कूलरला म्हणाली होतीस की."

"साहेब माझा कोण लागत होता?" तिने ओढणीने नाक पुसले. "तुम्ही चार दिवस आलाय. तुम्हाला नापास करून परत पाठवू?"

थंडोबा उठले. स्टूल उचलले, खिडकी आणि दार यांच्या बरोबर मध्ये, वाऱ्याच्या वाटेवर ठेवले, आणि त्यावरची धूळ नसतानाही ती हाताने झटकली.

"बस. आणि खरं सांग. नाहीतर मी आलोच कशाला?"

ती बसली. डोळे मिटले. कपाळावरची एक बट सुटली, मग दुसरी. ओठावरचा थेंब उगवला, पण खाली उतरायच्या आत सुकला. थंडोबा श्वास रोखून उभे होते. पट्ट्यावर आणखी एक विमान गुरगुरायला लागले. तिच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या. डोळे उघडले नाहीत. विमान गेले. मग एक डोळा किलकिला झाला.

"काठावर."

"काठावर काय? पास की नापास?"

"काठावर पास. वाऱ्याला पूर्ण मार्क दिले होते. विमानाचे कापले."

त्या दिवसापासून ते निघेपर्यंत कपाट बाजूलाच राहिले. उरलेले झगे बाहेरच्या खोलीत परतले आणि खिडकीतल्या वाऱ्यावर आपापसात बोलल्यासारखे हलू लागले. मनगटावरचा टॉवेल सुटला. ती शिवत असे, थंडोबा शेजारी बसून टाचण्या देत. विमान आले की दोघेही बघत, गेले की दोघेही कामाला लागत. बाह्या एक डावी, एक उजवी, बरोबर लागत होत्या. पण ती बघत असताना शेजारी, विमानाने ज्यांच्याकडे जायचे तेच बसलेले होते. त्यामुळे ही परीक्षा खरी नव्हे, हे थंडोबांना कळत होते. कपाटाच्या पायांखाली साबण अजून होता. एक धक्का दिला, की जागेवर. तो काढावा का, असे त्यांच्या दोनदा मनात आले. दोन्ही वेळा त्यांनी काढला नाही. तिचे घर, तिची खिडकी.

निघताना जावयांनी पेटी खाली नेली. लेक दारात म्हणाली, "मी विमानतळावर येत नाही. पावणेचारला खिडकीत चादर लावते, लाल. वरून बघा. दिसली का ते फोनवर सांगा."

"बघतो," थंडोबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात घामाने चिकटला आणि सुटायला थोडा वेळ लागला. या देशाचे एवढे एक त्यांना आवडले.

त्यांना जागा मिळाली ती मधली, आणि ज्या बाजूला घर नव्हते त्या बाजूला. पावणेचारला विमान सुटले, तसे ते पट्टा ताणून पलीकडे झुकले. पलीकडे एक गृहस्थ झोपले होते. त्यांच्या पोटावरून खिडकी दिसत होती आणि खिडकीतून विमानाचा पंख. थंडोबांनी पंखाला हात केला. गृहस्थ जागे झाले आणि त्यांनीही, काही न समजून, हात केला.

घरी पोचून आठवडा झाला. दुकान उघडले होते, गिऱ्हाईक दाराशी होते, आणि नुकता जोडलेला कूलर मधोमध उभा होता. लेकीचा फोन आला.

"बाबा, त्या दिवशी गडबडीत विचारायचं राहिलं. चादर दिसली का?"

"दिसली की. चांगली ठसठशीत दिसली."

"कुठल्या रंगाची?"

"लाल. ठरलेलं ना आपलं."

"पिवळी लावली होती. लाल वाळलीच नव्हती दोन दिवस." ती थांबली. "नापास, बाबा."

"पंख दिसला," थंडोबा म्हणाले. "पंखाला हात केला मी. चालेल?"

ती हसली, मग हसणे थांबले तरी फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत राहिला. थंडोबांच्या जिभेच्या टोकावर एकच प्रश्न होता: कपाट कुठे आहे? तो त्यांनी गिळला. विचारला असता तर ती म्हणाली असती, बाजूलाच आहे. आणि त्यावर विश्वास ठेवावा लागला असता.

"थांब," ते म्हणाले, "हे ऐक." त्यांनी कूलरचे बटण दाबले, स्टूल पुढे ओढले आणि फोन स्टुलावर ठेवला.

"अहो, हे काय चाललंय?" गिऱ्हाईक म्हणाले. "मला उशीर होतोय."

"तपासणी आहे. आमचे इन्स्पेक्टर बाहेरगावी असतात."

"फोनवरून गार वारा लागतो का कुणाला?"

"त्यांना लागतो. जरा गप्प बसा, त्यांनी डोळे मिटलेत."

पंखा फिरत होता. गवतातून पाणी ठिबकत होते. थंडोबांनी वाकून फोन कानाला लावला. पलीकडे शांतता होती, आणि त्या शांततेत, फार लांबून, पंपासारखी एक गुरगुर सुरू झाली. ती वाढत गेली, जणू खिडकीच्या डावीकडून आली, खोलीभर झाली आणि उजवीकडे निघून गेली. बंद भिंतीतून एवढा मोठा आवाज येत नाही. थंडोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तिकडची वेळ मनात मांडली. पावणेचार.

"नापास," लेक म्हणाली. "पंखा एका अंगाला घासतोय."

थंडोबांनी बटण बंद केले, पाती हाताने फिरवून पाहिली आणि खिशातला पाना काढला.

"दोन दिवस लागतील, काका," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, इतक्या आनंदाने, की गिऱ्हाईक भांडायचे विसरले.